देवडीपलीकडचा माळ

तिसरा उंदीर कोकिळेलाच सापडला. माजघरातल्या उतरंडीतून डाळीचं मडकं काढायला ती वाकली, तर मागे भिंतीशी तो कुशीवर पडलेला. पाय ताठ झालेले, तोंडाशी रक्ताचा काळसर ठिपका. तिने मडकं होतं तिथेच ठेवलं, ओचा आवरला आणि मागे सरली. आधी भागीला शोधलं. पोरगी चौकात तुळशीच्या ओट्याशी चिंचोके मांडून खेळत होती. तिथून हलायचं नाही म्हणून तिला दटावलं आणि मग सासूला हाक मारली.

गोजरबाई आल्या त्या चुलीतला चिमटा हातात घेऊनच. कशासाठी बोलावलंय ते त्यांना न सांगताच कळलं होतं. त्यांनी उंदराला शेपटीला धरून उचललं, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मांजरानं मारला."

अंगावर दाताची एकही खूण नव्हती, आणि मांजर परवापासून वाड्यात कुणाला दिसलं नव्हतं. दोघींनाही ते ठाऊक होतं. गोजरबाई परसात गेल्या. तिथे जुनं पेव होतं, म्हणजे जमिनीत खोदलेलं ज्वारीचं कोठार, आता रिकामं पडलेलं. त्यांनी एका हाताने त्यावरची फरशी जराशी सरकवली, उंदीर आत टाकला आणि फरशी पायाने परत लोटली. पहिले दोनही तिथेच गेले होते. डावा हात त्यांनी पदराखाली धरून ठेवला होता. तो अंगाला का लागू देत नाहीत, हे त्या वेळी कोकिळेच्या ध्यानात आलं नाही.

पिंपळगावात त्या दिवशी वाड्याखेरीज एकाही घरात चूल पेटली नव्हती. काही दिवसांपूर्वी पिलेगाचे उंदीर आधी पेठेत पडले होते, मग माळीपुऱ्यात. तिथे पडले त्या संध्याकाळीच कोकिळेच्या सासऱ्यांनी, नारायणराव देशमुखांनी, स्वतः दवंडी पिटवली, की जो घर सोडणार नाही त्याला गावकीतून काढीन. त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. गाव उठला आणि पूर्वेच्या माळावर जाऊन बसला. कुणी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांच्या झोपड्या घातल्या, कुणी कडब्याच्या. वाण्याची झोपडी आणि चांभाराची झोपडी यांत उंचीचा फरक उरला नाही. वारा दोघांच्याही झोपडीत सारखाच शिरे.

पण ज्यांनी दवंडी पिटवली ते स्वतः वाड्यातच राहिले. त्यांच्या घरात गोषा होता. देशमुखांची बाई देवडीबाहेर पायी जात नसे. माहेरी जायची तरी पडदा सोडलेल्या गाडीतून. अशा बायकांना काड्यांच्या झोपडीत, गावच्या गडीमाणसांच्या नजरेसमोर कसं बसवायचं? त्यांनी तहसीलदारांना सांगितलं की आमचा वाडा साफ आहे, एक उंदीर पडलेला नाही, भिंती चार हात रुंदीच्या आहेत, रोगाला आत शिरायला वाट नाही. तहसीलदारांनी मान डोलावली. मोठ्या माणसाच्या घरात खोटं असेल असं सरकारी माणसाला चटकन वाटत नाही.

खरं तर उंदराला राहायला त्या वाड्यासारखी दुसरी जागा नव्हती. पांढऱ्या मातीच्या पोकळ झालेल्या भिंती, वर माळवद, कणग्या दाण्याने भरलेल्या आणि कोठीत वर्षानुवर्षं न हललेल्या गाद्यांचे ढीग. माळावरच्या झोपडीत उंदराने जाऊन खायचं तरी काय?

कोकिळा धाड गावची. तिचे वडील कडूबा बेताच्या शेतीचे. पोरगी दिसायला देखणी म्हणून देशमुखांनी मागून केली. माहेरी ती डोक्यावर भाकरी घेऊन वावरात जायची. इथे आल्यापासून तिने देवडी पायी ओलांडली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला दुःखही नव्हतं. जाऊबाई नाही, दीर नाही, अंगावर सोनं, चौकात सावली. माहेरच्या बायका तिच्याकडे पाहून सुस्कारे टाकत आणि तिला ते आवडे. गेल्या साली धाडला पिलेग आला तेव्हा तिचा भाऊ झोपडीत सुखरूप होता. थंडी वाजते म्हणून तो घरी जाऊन एक गोधडी घेऊन आला. त्या गोधडीने तो गेला. तेव्हापासून भिंतींचा तिला आधार वाटेनासा झाला होता. आणि आता वाड्याच्या भिंतीमागे काही खुडबुडलं की ती हातातलं काम टाकून कान लावायची, आणि खुडबुड थांबली की त्याहून जास्त घाबरायची.

दिवसातून कितीदा तरी ती भागीला मांडीवर ओढून घेई आणि तिच्या काखेत, जांघेत बोटं घालून चाचपे. पोरीला त्या गुदगुल्या वाटत. ती खदखदून हसे, आणि पुन्हा कर म्हणे.

पहिला उंदीर पडला तेव्हाच कोकिळेने नवऱ्याला सांगितलं होतं. शेषराव जेवत होते. घास हातातच राहिला. माणूस वाईट नव्हता, पण बापापुढे बोलायचं म्हटलं की तो ते उद्यावर ढकलायचा. बाबांचा राग पाहून बोलतो, आजचा दिवस जाऊ दे, असं ते म्हणाले. दुसरा उंदीर पडला तेव्हाही तेच म्हणाले.

"तुमी बाबांचा राग पाह्यता," कोकिळा म्हणाली, "अन् मी पोरीचं अंग पाह्यतो. दोघांतलं आधी काय फुटन ते देवाले माहीत."

शेषराव ताटावरून उठले. बाबांपुढे मात्र गेले नाहीत.

सासूकडे जाऊन तर उपयोगच नव्हता. गोजरबाईंनी तिला बजावून ठेवलं होतं, की ही गोष्ट मालकांच्या कानावरसुद्धा जायची नाही. त्यांनी तहसीलदारांना शब्द दिला आहे. उंदीर पडल्याचं कळलं की सरकारची माणसं बुटांनिशी माजघरात येणार, माळवदाला भोकं पाडून ऊन आत घेणार, कणग्या उपसणार, बायकांचे कपडे अंगणात टाकणार. ह्यांचा शब्दही जाणार आणि घराची अब्रूही. त्यापेक्षा ह्यांना माहीतच नसलेलं बरं, म्हणजे ह्यांच्या तोंडून खोटं जाणार नाही. गोजरबाईंचा हा हिशेब मोठा पक्का होता. नवऱ्याची अब्रू त्यांनी आजवर अशीच सांभाळली होती, त्याला पुष्कळशा गोष्टी कळूच न देऊन.

तिसरा उंदीर पेवात गेला त्याच दिवशी, ऊन चढत असताना, उकंडराव आले.

उकंडराव हे नारायणरावांचे धाकटे भाऊ. वाटणीत थोरल्याने वाडा आणि नदीकाठची काळी जमीन ठेवली आणि धाकट्याच्या पदरात पूर्वेचा माळ टाकला. त्या माळावर कुसळं उगवायचीसुद्धा मारामार. उकंडरावांनी गावाच्या टोकाला मातीचं घर बांधलं आणि बायकोला, पुष्पाबाईंना, गोषातून मोकळं केलं, कारण वावरात राबायला दोन हात कमी पडत होते. नारायणराव त्यावर म्हणाले होते की माझा भाऊ मेला. आता सगळा गाव त्या मेलेल्या भावाच्या माळावर बसला होता. तिथे जाऊन राहायचं म्हणजे त्याच्या दारी पाहुणा व्हायचं. गोषाचं कारण खरं होतंच, पण त्याच्या आड हेही होतं, आणि वाड्यातल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

उकंडरावांबरोबर भाऊकीतली चार-पाच माणसं होती. कुणी देवडीच्या आत आलं नाही. सगळे बाहेर कडुलिंबाखालीच उभे राहिले. नारायणराव देवडीतल्या बैठकीवर बसले होते, मांडीवर भागी. नातीला घेऊन बसायची त्यांची वेळच होती ती. शेषराव खांबाशी उभे. आतल्या दाराच्या फळीआड गोजरबाई आणि कोकिळा. फटीतून कोकिळेला सासऱ्यांची पाठ आणि भागीच्या वेणीचा लाल गोंडा दिसत होता.

थोरल्याने धाकट्याला बसा म्हटलं नाही. धाकट्याने थोरल्याला रामराम केला. मग बोलणं सुरू झालं. उकंडरावांचं म्हणणं असं, की वाड्यावर कामाला येणारे गडी आणि बाया रोज माळावरून येतात आणि रोज माळावर परत जातात. वाडा साफ असेल तर काही हरकत नाही. पण कालपासून माळावर दोघांना ताप आहे. गाठ दिसत नाही अजून, पण ताप आहे, आणि दोघांचंही येणं-जाणं वाड्यात. लोक कुजबुजून राहिले आहेत. देशमुखाला तोंडावर विचारायची कुणाची हिंमत नाही म्हणून भावाला पुढे घातलं आहे.

नारायणरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले की गावाला बाहेर काढलं ते मी, खामगावाहून औषध आणवलं ते मी, आणि आज मलाच पुसायला आलात.

"पुसाच लागते, दादा," उकंडराव म्हणाले. "वाड्यात उंदीर पडला का नाई, तेवढं सांग. तू म्हनशीन ते आमी ऐकू."

"नाई पडला."

मागे उभ्या असलेल्या माणसांत हालचाल झाली. कुणी तरी खाकरलं. उकंडरावांनी मान खाली घातली आणि ती वर न करताच म्हणाले, की नुसत्या शब्दावर आता माळ ऐकणार नाही. उद्यापासून एकही गडी वाड्याची पायरी चढणार नाही. चढायला हवा असेल तर शपथ पाहिजे.

शपथ म्हणजे काय ते त्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. बांधाचं भांडण असो की चोरीचा आळ, पंचांपुढे माणूस पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोलायचा, आणि मग पुढे कुणी काही विचारायचं नाही. खोटं बोललेल्याला काही होत नाही असा समज होता. जे व्हायचं ते त्या पोराला.

नारायणरावांचा चेहरा कोकिळेला दिसत नव्हता. फक्त पाठ ताठ झालेली दिसली. त्यांनी भागीला मांडीवर सरळ बसवलं. "उकंड्या," ते म्हणाले, "माह्या घरात एवढं एकच लेकरू आहे. तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

त्यांच्या मनात तसूभर खोट नव्हती. तेच तर भयंकर होतं. उजवा हात वर उचलला गेला. भागी गालातल्या गालात हसत मान वर करून त्या हाताकडे पाहू लागली, तिला वाटलं आजोबा काही खेळ करताहेत. कोकिळेने सासूकडे पाहिलं. गोजरबाईंचे डोळे मिटलेले होते. त्या थांबवणार नव्हत्या. शेषराव खांबाशी उभे होते, त्यांना सगळं माहीत होतं, आणि ते पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. तेही थांबवणार नव्हते.

"मामाजी, हात ठिवू नका."

आवाज आपलाच आहे हे कोकिळेला तो बाहेर पडल्यावर कळलं. परक्या पुरुषांनी तिचा आवाज आजवर ऐकला नव्हता. सासऱ्यांशीही ती कधी थेट बोलली नव्हती. काही विचारायचं तर भागीला मध्ये घालून. नारायणरावांचा हात पोरीच्या डोक्यावर वीतभर अंतरावर तसाच राहिला.

त्याच वेळी गोजरबाईंनी तिचं मनगट पकडलं. मारायला नाही, मागे ओढायला. आणि कोकिळा शहारली, कारण ती पकड तापलेल्या तव्यासारखी होती. तिने मान वळवून सासूकडे नीट पाहिलं. ओठ कोरडे, डोळे तांबारलेले. डावा हात अजूनही पदराखाली अंगापासून दूर धरलेला. फरशी एका हाताने का सरकवली, ते आता तिला कळलं.

"आत्याबाई," ती कुजबुजली. "कवा?"

"रातच्याला." गोजरबाईंनी तिचं मनगट सोडलं. "बोललीस ते बोललीस. आता हे बोलू नको. यायले कळलं तं हे माह्या उशाशी बसतीन. शेषा बसन. मंग तुले बी बसा लागन अन् पोरीले बी. पोरगी घे अन् निघ."

देवडीतून नारायणरावांनी विचारलं, "किती?" ते सुनेला उद्देशून होतं, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"तीन," कोकिळा दाराआडून म्हणाली. "पेवात टाकले."

नारायणराव रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी उचललेल्या हाताकडे पाहिलं, तो आपला नसावा तसं, आणि हळूच मागे घेतला. मग घाईघाईने भागीला मांडीवरून खाली उतरवलं. देशमुख घाबरलेले त्या गावाने कधी पाहिले नव्हते. उकंडरावांनी दुसरीकडे नजर वळवली.

पुढचं बोलणं भराभर झालं. नारायणरावांनी गाडी जुंपायला सांगितली. कोठीतून गाद्या काढा, सतरंज्या घ्या, झोपडीभोवती लावायला कनाती घ्या, गाडीला दोन्ही बाजूंनी पडदे सोडा. एवढं मान्य असेल तर बायका माळावर येतील. मोठ्या घराची माणसं जीव वाचवायला निघाली तरी पलंगपोस बरोबर घेतात.

"दादा, चिंधी आनाची नाई," उकंडराव म्हणाले. "गादी नाई, कनात नाई. गाडीचे पडदे बी त्या कोठीतलेच आहेत, ते बी नाई. आंगावरचं कापड नाल्याच्या अलीकडं जाळाचं, मंग माळावर पाय ठिवाचा."

"म्हंजे देशमुखाची सून भर गावातून पायी चालन?"

"गावात पाहाले कोन आहे, दादा?"

घरं उघडी पडली होती, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. ज्या नजरांपासून बायकांना एवढी वर्षं झाकून ठेवलं त्या नजरा सगळ्या माळावर होत्या, आणि त्यांना आज देशमुखांच्या सुनेच्या चेहऱ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना फक्त ताप आहे का, एवढंच पाहायचं होतं.

नारायणरावांनी आतल्या दाराकडे तोंड करून गोजरबाईंना बोलावलं. बाहेर ये म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला बाहेर ये म्हटल्याचं हे पहिलंच.

गोजरबाईंनी दाराच्या फळीला पाठ टेकली. सगळा जोर आवाजात आणला. "मी नाई येत. तुमी जा. मले उघड्यावर बसवाचं असन तं मेल्यावर बसवा."

बाहेरच्या सगळ्यांनी तो ताठा म्हणूनच ऐकला. कुणी तरी हळूच म्हणालं, बाई मोठी हट्टी. नारायणरावांच्या चेहऱ्यावर तर क्षणभर समाधानच दिसलं, की निदान एका माणसाने तरी घराची रीत राखली. उद्या राग उतरला की मी येऊन घेऊन जाईन, असं ते उकंडरावांना म्हणाले. माळावरून कुणी तरी दिवसातून एकदा पाणी आणि भाकरी देवडीच्या पायरीवर ठेवून जाईल, असं ठरलं.

कोकिळा अजून दाराआडच होती. एक शब्द बोलली असती तर सगळं थांबलं असतं. आत्ताच एक शब्द बोलून तिने सगळं थांबवलं होतंच. सासूने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, असता तर कदाचित कोकिळेने मोडलाही असता. गोजरबाई आयुष्यात पहिल्यांदाच सुनेकडे काही मागत होत्या. कोकिळेला नमस्कार करावासा वाटला, पण वाकलं की पायाला हात लावावा लागेल, आणि त्या पायांना हात लावायची तिला भीती वाटली. ती तशीच बाहेर पडली.

देवडी ओलांडताना डोक्यावर ऊन आलं. तिने भागीला कडेवर घेतलं नाही. सासूने धरलेलं मनगट तिला अजून जळत असल्यासारखं वाटत होतं आणि ते पोरीला लागू द्यायचं नव्हतं. भागी आजोबांच्या मागून तुरुतुरु चालत होती. नारायणराव पुढे, त्यांच्या मागे शेषराव. पेठेतून गेले, मारुतीवरून गेले. उघड्या दारांतून आतली रिकामी घरं दिसत होती, आणि त्यांतली बहुतेक कोकिळा पहिल्यांदाच पाहत होती. किती लहान होती ती घरं. एका खोलीत चूल, देव आणि म्हशीची दावण. या घरांतली माणसं वाड्याच्या भिंतीकडे पाहून सुरक्षित काय असतं ते ठरवत आली होती, आणि आज त्यांच्यापैकी प्रत्येक जण वाड्याच्या मालकिणीपेक्षा बऱ्या जागी होता.

मागे, ओस गावाच्या शांततेत, वाड्याच्या दाराचा अडसर सरकल्याचा आवाज आला. तो गड्याने दोन्ही हातांनी लोटायचा असे. आवाज मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. नारायणराव चालतच राहिले. शेषरावांनी मात्र मागे वळून पाहिलं.

नाल्याशी पुष्पाबाई वाट पाहत होत्या. त्यांनी तट्ट्या लावून आडोसा केला होता आणि धुतलेलं जाडंभरडं लुगडं, दोन धोतरं आणि पोरीसाठी एक झबलं दगडावर ठेवलं होतं. नाल्याच्या अलीकडेच दोन नव्या झोपड्या होत्या, बाकीच्या गावापासून दूर. अजून काही दिवस तुम्ही इकडेच राहायचं, कुणी पलीकडे यायचं नाही, असं पुष्पाबाईंनी लांबूनच सांगितलं. ज्या बाईला वाड्यात कधी पाटावर बसायला सांगितलं नव्हतं, ती हे सांगत होती, आणि तिच्या आवाजात खुन्नस नव्हती, भीती होती. "राग मानू नको, कोकिळे," त्या म्हणाल्या. "माह्या बी घरात लेकरं आहेत."

कोकिळेने राग मानला नाही. तिने अंगावरचं लुगडं काढून आगीत टाकलं, भागीचं परकर-पोलकं टाकलं, वेणीचा गोंडासुद्धा सोडून टाकला. जाडं लुगडं नेसली. हातपाय राखेने घासले, मनगट तर कातडं लाल होईस्तोवर. मग आधी पोरीच्या काखा पाहिल्या. भागी हसली.

झोपडीला दार नव्हतं. आत बसलं की सगळा माळ दिसे आणि माळावरच्या प्रत्येकाला आतलं माणूस दिसे. नारायणराव झोपडीत गेलेच नाहीत. ते बाहेर दगडावर बसले, वाड्याकडे पाठ करून, आणि एकदा आपल्याशीच म्हणाले की शेषाची माय पहिल्यापासून अशीच आहे, कुणाचं ऐकायची नाही.

शेषराव तट्टीला सुतळी बांधत होते. ते सरकत सरकत कोकिळेजवळ आले आणि बापाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मायनं तुह्या हाताले धरलं होतं."

"हाव."

"हात तपत होता काय?"

कोकिळेने खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण दिवसभराची भीती आता तिच्या एकटीच्याने पेलवत नव्हती. "हाव," ती म्हणाली. "रातच्यापासून. काखेत आहे. तुमी बसतान म्हनून त्यायनं सांगू देल्लं नाई."

शेषरावांच्या हातातली सुतळी खाली पडली. ते उठले आणि गावाच्या वाटेला लागले. कोकिळेने त्यांना हाक मारली नाही. आता हा जाणार, आईच्या उशाशी बसणार, आणि आपण पोरीला घेऊन एकटी राहणार, हे तिने गृहीतच धरलं. त्यांनी जावं असंही तिला वाटत होतं आणि ते जातील याची भीतीही वाटत होती. माळाचा उतार संपतो तिथे शेषराव थांबले. वाडा तिथून पूर्ण दिसत होता, त्याच्या भिंती, त्यावरचा बुरूज, आणि धुराचा मागमूस नसलेलं माळवद. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मागे फिरले, परत आले, खाली बसले आणि पडलेली सुतळी शोधू लागले.

"बाबाले सांगू नको," ते म्हणाले.

कोकिळेला सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं त्याची तिला लाज वाटली. आणि त्या दोहोंच्या पाठोपाठ एक नवी भीती आली, उंदराहून वेगळी. उद्या आपल्याला ताप आला तर हा माणूस आपल्यासाठी कुठवर येईल, हे तिने आत्ता डोळ्यांनी पाहिलं होतं. उतारापर्यंत. आणि आपण तरी त्याच्यासाठी कुठवर जाऊ? देवडीतून निघताना आपण सासूकडे मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

भागी मातीत रेघोट्या ओढत होती. नारायणराव पाठमोरे बसले होते. कुणाचं लक्ष नाही असं पाहून कोकिळेने तट्टीकडे तोंड केलं, पदराआडून हात स्वतःच्या काखेत घातला आणि हळूहळू चाचपून पाहिलं. काही नव्हतं. पण असतं, तर आपण ते कुणाला सांगितलं असतं का, हे तिला खात्रीने सांगता येईना.